लढाई संपायची अट आधी सांगा

युक्रेनच्या लढाईवर आमच्या धुळ्या-जळगावकडे जेवढी भांडणं होतात तेवढी तिकडे कीवमध्ये पण होत नसतील. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, जिनिंगच्या गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची लाईन लागलेली असते तिथे, कुठेही. दोन पार्ट्या ठरलेल्या आहेत. एक म्हणते पुतीन बरोबर आहे, अमेरिकेने त्याच्या दारात नाटो, म्हणजे आपली लष्करी युती, आणून बसवली तर तो काय हात जोडून बसणार होता का, आणि रशिया आपला जुना दोस्त, ७१ साली कोण उभं राहिलं होतं. दुसरी म्हणते शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालणारा तो गुंड, विषय संपला. मग आवाज चढतात, कोणीतरी कोणाला देशद्रोही नाहीतर भक्त म्हणतो, आणि चहा येतो. ह्या सगळ्या वादात दोघंही एकाच प्रश्नावर अडकलेत, की चांगला कोण आणि वाईट कोण. माझं म्हणणं असं की एवढी वर्षं चाललेल्या लढाईबद्दल हा प्रश्नच कामाचा नाही. कामाचा प्रश्न एकच आहे, आणि तो अमळनेरच्या एका ओट्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी आमच्या पुतीनप्रेमी नानांना सहज विचारला होता, 'नाना, ते सगळं खरं, पन आते लढाई कसाले चालू शे?' नानांनी १९९० पासून सुरुवात केली आणि २०१४ पर्यंत आले. आत्ता का चालू आहे, ह्याचं उत्तर आलंच नाही.

तर मुद्दा सरळ मांडतो. सरकार जेव्हा लढाईचं कारण सांगतं तेव्हा त्या कारणाच्या पोटात लढाई संपायची अट असायला पाहिजे. अमुक झालं की थांबणार. ती अट पूर्ण झाल्यावरही लढाई थांबली नाही, किंवा ती अट खोटी निघाल्यावरही थांबली नाही, आणि सरकारने तिथे गुपचूप दुसरं कारण आणून ठेवलं, तर समजायचं की सांगितलेलं कारण हे कारण नव्हतंच, ती फक्त लोकांना सांगायची गोष्ट होती. हे मी रशियाबद्दल म्हणतो, अमेरिकेबद्दल म्हणतो, आणि आपल्याबद्दल पण म्हणतो.

हे तपासून बघायला मॉस्कोला जायची पण गरज नाही, बुऱ्हाणपूरपर्यंत गेलं तरी पुरे. आज ते मध्य प्रदेशात आहे पण मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ते मुख्य ठाणं होतं. १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी बुऱ्हाणपूरचं बहादूरपुरा लुटलं, तिथल्या बड्या लोकांनी बादशहाकडे गाऱ्हाणं केलं की आमचा जीव आणि माल सुरक्षित नाही. त्याच वर्षी औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला. नोव्हेंबरमध्ये औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल. त्याच्या बाजूने बघितलं तर कारणं अगदी पक्की होती: पळालेला शहजादा, लुटलेलं शहर, त्यात विजापूर आणि गोवळकोंडा ही न ऐकणारी राज्यं. आता पुढे बघा. १६८६ ला विजापूर पडलं. १६८७ ला गोवळकोंडा पडला. त्याच वर्षी शहजादा अकबर इराणला निघून गेला. मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांना हाल करून मारलं, आणि वर्ष संपायच्या आत रायगड गेला, येसूबाई आणि लहान शाहू कैदेत. यादीतलं एक कारण शिल्लक राहिलं का? एकही नाही. मग बादशहा दिल्लीला परत गेला का? अजून अठरा वर्षं तो दख्खनमध्येच तंबू ठोकून होता, म्हातारपणी पालखीतून एकेका किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसायचा, पैसे देऊन किल्ले घ्यायचा आणि मराठे ते परत घ्यायचे, आणि १७०७ ला अहमदनगरला तो मेला तेव्हा खजिना आणि फौज दोन्ही खिळखिळे झालेले होते. आपण हे शाळेत मराठ्यांच्या पराक्रमाची गोष्ट म्हणून शिकतो आणि ती आहेच. पण ती गोष्ट उलट्या बाजूने कधी वाचत नाही, की जिंकलेला माणूस थांबू का शकला नाही.

आता रशियाकडे येतो, आणि आधी नानांच्या बाजूचं सगळ्यात भारी जे आहे ते मान्य करतो, कारण ते खरंच भारी आहे. जर्मनी एक व्हायच्या वेळी फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर यांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना नाटो पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही अशा अर्थाचं तोंडी आश्वासन दिलं होतं, लेखी करारात मात्र ते कधी आलं नाही. मग १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक आत आले. २००४ ला अजून सात देश, त्यात थेट रशियाला लागून असलेले बाल्टिक देश पण. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी सभासद होणार, तारीख काही दिली नाही, म्हणजे रशियाला चिडवून ठेवलं आणि युक्रेनला संरक्षणही दिलं नाही, ह्यापेक्षा बेअक्कल निर्णय शोधून सापडणार नाही. आणि अमेरिकेने स्वतः १९६२ ला क्युबात रशियन क्षेपणास्त्रं आली तेव्हा जग अणुयुद्धाच्या काठावर नेलं होतं. म्हणजे दाराशी शत्रूचं लष्कर नको हे म्हणणं रशियाने केलं तर पाप आणि अमेरिकेने केलं तर धोरण, हे चालणार नाही. एवढं सगळं मी मान्य करतो, लिहून देतो.

पण मग फिनलंडचं काय करायचं? लढाई सुरू झाली म्हणूनच घाबरून फिनलंड नाटोत गेला, ४ एप्रिल २०२३ ला. रशियाशी त्याची तेराशे किलोमीटरच्या वर सीमा आहे, सेंट पीटर्सबर्ग तिथून हाकेवर. नाटोची रशियाला लागलेली सीमा एका दिवसात दुपटीच्या वर गेली. पाठोपाठ मार्च २०२४ ला स्वीडन. नाटो दाराशी येणं हेच जर लाखो माणसं मारण्याइतकं मोठं कारण असेल तर फिनलंडच्या वेळी काहीतरी भयंकर व्हायला पाहिजे होतं. काय झालं? मे २०२२ मध्येच पुतीन यांनी सांगितलं होतं की ह्या दोन देशांशी आमचा काही वाद नाही, त्यांच्या येण्याने थेट धोका नाही, फक्त तिथे लष्करी तळ वगैरे वाढवले तर बघू. यावर नाना म्हणतात युक्रेनची गोष्ट वेगळी, तो रशियाचाच भाग होता, क्रिमिया तिकडे, काळा समुद्र तिकडे. बरं, वेगळी असेल. पण मग कारण नाटो नव्हतं ना, कारण युक्रेन होतं. जुलै २०२१ मध्ये पुतीन यांनी रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असा लांबलचक लेख स्वतःच्या नावाने छापला होता, आणि जून २०२२ मध्ये रशियाचा जुना सम्राट पीटर द ग्रेटची आठवण काढून म्हणाले की त्याने जमीन परत घेतली, आता ते काम आपल्या वाट्याला आलंय. माणूस स्वतः सांगतोय आणि आपण इथे पंगतीत बसून त्याच्या वतीने नाटो-नाटो करतोय.

दुसरं कारण होतं युक्रेनच्या पूर्वेकडच्या डोनबासच्या रशियन बोलणाऱ्या लोकांना वाचवणं. हे पण हवेतलं नव्हतं. २०१४ पासून तिथे लढाई होती, दोन्हीकडचे सैनिक आणि सामान्य लोक धरून चौदा हजारांच्या आसपास माणसं गेली, युक्रेन सरकारने भाषेच्या बाबतीत जे कायदे केले त्यातले काही मला पण पटत नाहीत. पण त्यातले बहुतेक मृत्यू २०१४-१५ चे. २०२१ पर्यंत ती लढाई इतकी थंड झाली होती की वर्षभरात मेलेल्या सामान्य नागरिकांचा संयुक्त राष्ट्रांचा आकडा पंचवीसच्या आसपास होता. पंचवीस पण वाईटच. पण त्या लोकांना वाचवायला जी फौज आली तिने मारियुपोलचं काय केलं? बाखमुतचं? सेव्हेरोदोनेत्स्कचं? ही सगळी रशियन बोलणाऱ्यांची शहरं. ज्यांच्यासाठी लढाई त्यांचीच घरं पहिली पडली, आणि पडलेल्या घरांवर झेंडा लावून सांगितलं की बघा, वाचवलं.

तिसरं कारण तर अजून मजेशीर, नाझींना संपवायचं. ज्या देशाने २०१९ ला ज्यू घराण्यातल्या, स्वतः रशियन बोलत वाढलेल्या झेलेन्स्कींना ७३ टक्के मतं देऊन राष्ट्राध्यक्ष निवडलं, आणि त्याच वर्षीच्या संसदेच्या निवडणुकीत कट्टर उजव्यांच्या एकत्र यादीला दोन-अडीच टक्के मतं पण धड मिळाली नाहीत, तिथे नाझींचं राज्य! तरी मान्य, अझोव नावाची पलटण होती, तिच्या सुरुवातीच्या लोकांचा इतिहास घाणेरडा आहे, आणि पश्चिमेच्या मीडियाने तो लढाई सुरू झाल्यावर सोयीने झाकला. मग ह्या अझोवच्या लोकांना मारियुपोलमध्ये रशियाने पकडल्यावर काय केलं? सप्टेंबर २०२२ मध्ये कैद्यांची अदलाबदल झाली, त्यात अझोवचे शंभरावर लोक सोडून दिले, कमांडरसकट. बदल्यात पन्नासेक रशियन सैनिक आले आणि मेदवेदचुक नावाचा युक्रेनमधला राजकारणी आला, ज्याच्या मुलीचे गॉडफादर म्हणून पुतीन ओळखले जातात. ज्यांच्यासाठी युद्ध पुकारलं ते हातात सापडले आणि एका दोस्तापायी सोडून दिले. आता सांगा हे कारण किती खोल होतं.

आणि हे होत असताना कारणांची गाडी पुढेच चालली होती. कीव घ्यायला गेलेली फौज महिनाभरात माघारी आली तेव्हा सांगितलं गेलं आमचं लक्ष मुळात डोनबासच. मग ३० सप्टेंबर २०२२ ला युक्रेनचे चार प्रांत रशियात सामील करून टाकले, त्यात डोनबासच्या बाहेरचे झापोरिझिया आणि खेरसोन पण, आणि झापोरिझिया शहर तर कधी हातातच आलेलं नव्हतं. म्हणजे आता कारण झालं, आपल्याच देशाची जमीन राखणं! खेरसोन शहर सामील केल्यानंतर दीड महिन्याच्या आत, ११ नोव्हेंबरला, सोडून यावं लागलं, तरी कायद्याने ते रशियाचं. आता कुठल्या रेषेवर लढाई थांबेल हे कोणाला सांगता येतं का? तिथल्या माणसाने विचारायचं म्हटलं तर मार्च २०२२ मध्येच कायदा केला की सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत आत. मॉस्कोतल्या एका नगरसेवकाने वॉर्डाच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं की तिकडे युक्रेनमध्ये मुलं मरतायत आणि आपण इथे मुलांच्या चित्रकलेची स्पर्धा कसली घेतोय, त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. जे कारण खरं असतं त्याला राखायला एवढा तुरुंग लागत नाही.

इथे हमखास एक भाऊ उठतो आणि म्हणतो, अमेरिकेचं बोला ना, इराकचं बोला. बोलूया की. मला तर त्याच्यावरच बोलायचंय. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत फोटो आणि ट्रकांची चित्रं दाखवून सांगत होते की सद्दामकडे जैविक आणि रासायनिक अस्त्रं आहेत. मार्चमध्ये लढाई. १ मेला बुश विमानवाहू जहाजावर उभे, मागे 'मिशन अकम्प्लिश्ड'चा बॅनर. मिशन झालं होतं तर घरी जायचं होतं. २००४ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याच शोधपथकाने सांगितलं की अस्त्रांचे साठे नव्हतेच. कारण पूर्ण खोटं पडलं, लढाई संपली का? कारण बदललं, आता लोकशाही आणायची. मग गृहयुद्ध पेटलं तर ते विझवायचं, जे ह्यांच्यामुळेच पेटलं. डिसेंबर २०११ पर्यंत चाललं. अफगाणिस्तान बघा. ऑक्टोबर २००१ ला गेले ओसामासाठी, २ मे २०११ ला ओसामा अबोटाबादमध्ये मेला, म्हणजे तो अफगाणिस्तानात पण नव्हता, तरी लढाई अजून दहा वर्षं, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये परत तेच तालिबान. पण भाऊ, हे सगळं तुम्ही रशियाच्या बाजूने कसं काय वापरता? इराकमध्ये अमेरिकेने खोटं कारण सांगितलं हे तुम्हाला कळलं ते कारण आणि करणी ताडून बघितली म्हणूनच ना? तीच ताडणी रशियाला लावली की मात्र तुम्ही म्हणता हे पश्चिमेचं कारस्थान. अमेरिकेचं पाप रशियाचं पुण्य होत नाही. फार तर एवढंच सिद्ध होतं की दोघांनी एकाच दुकानातून माल घेतला.

ह्यापेक्षा गंभीर आक्षेप एका रिटायर्ड सुभेदार साहेबांनी घेतला, आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणाले, सरकारकडे जी माहिती असते ती तुमच्या-माझ्याकडे नसते, गुप्तचर असतात, सॅटेलाईट असतात, सगळं काही लोकांना सांगता येत नाही, म्हणून सांगितलेलं कारण अर्धवट वाटतं, पण आत पक्कं कारण असतं. ऐकायला बरोबर वाटतं. आपण सर्जरीच्या वेळी डॉक्टरला प्रत्येक टाक्याचा हिशोब मागत नाही. पण जिथे जिथे ती आतली फाईल पुढे बाहेर आली तिथे काय निघालं? व्हिएतनामचं घ्या. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं सांगून जॉन्सन सरकारने संसदेकडून मोकळी परवानगी घेतली, खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. दुसरा हल्ला झालाच नव्हता हे पुढे उघड झालं. आणि १९७१ मध्ये पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याचे गुप्त कागद, बाहेर आले तेव्हा त्यात मार्च १९६५ ची एक चिठ्ठी सापडली, संरक्षण खात्यातल्या मॅकनॉटन नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची. त्याने लढाईचे उद्देश चक्क टक्क्यांत मांडले होते. ७० टक्के, अमेरिकेची नामुष्कीची हार टाळणं. २० टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हातात जाऊ न देणं. आणि तिथल्या लोकांना चांगलं, स्वतंत्र जगणं मिळावं ह्यासाठी १० टक्के. टीव्हीवर मात्र शंभर टक्के तेच दहा टक्के दाखवत होते. त्या लढाईत ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक गेले, आणि त्यातले जवळजवळ सगळे ही चिठ्ठी लिहिल्यानंतर गेले. व्हिएतनामी किती लाख गेले त्याची तर मोजदादच नीट नाही. म्हणजे आतल्या फाईलमध्ये जास्त पक्कं कारण नव्हतं. आतल्या लोकांना पण तीच शंका होती जी बाहेर रस्त्यावरच्या पोरांना होती, फक्त बाहेरच्यांना लाठ्या मिळाल्या आणि आतल्यांना पेन्शन.

अजून एक मुद्दा आहे जो मला स्वतःला बराच काळ अवघड वाटत होता आणि तो खान्देशच्या कापसाशी जोडलेला आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडचा कापूस अडकला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि इकडे खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वे खान्देशात आली, पेरा वाढला, सावकार मोकळ्या हाताने कर्ज द्यायला लागले. १८६५ ला तिकडे लढाई संपली आणि इकडे भाव धाडकन खाली, मुंबईत शेअरवाले बुडाले, गावात कर्जवाले. तर त्या यादवीत राष्ट्राध्यक्ष लिंकनने सुरुवातीला कारण काय सांगितलं होतं? देश एक ठेवायचा. ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी जाहीर पत्रात लिहिलं की एकाही गुलामाला न सोडता देश वाचत असेल तर मी तसं करीन. आणि १ जानेवारी १८६३ ला गुलाममुक्तीची घोषणा केली. म्हणजे कारण बदललं की! मग लिंकन पण खोटारडे का? हा आक्षेप घेणारे फार कमी भेटतात, पण खरा तगडा हाच आहे. माझं उत्तर असं. लिंकननी बदल लपवला नाही, सही-शिक्क्यानिशी जाहीर केला, १८६४ मध्ये लढाई चालू असताना निवडणूक घेतली आणि हरण्याची तयारी ठेवून लोकांसमोर गेले. आणि संपायची अट कधीच धूसर झाली नाही, बंडखोर राज्यांनी शस्त्र ठेवलं की संपलं, आणि दक्षिणेच्या फौजांनी शरणागती पत्करल्यावर ती लढाई संपली पण. म्हणून मी म्हणत नाही की कारण बदलणं म्हणजे लबाडी. लोकांना न विचारता, जुनं कारण कधी नव्हतंच असं दाखवून, आणि संपायची खूण दरवेळी अजून लांब नेऊन बदललं तर ती लबाडी.

लांबलेल्या लढाईचं सगळ्यात शेवटचं कारण मात्र सगळीकडे एकच असतं आणि ते ऐकलं की बोलायची हिंमतच होत नाही: जे गेले त्यांचं बलिदान वाया जाऊ द्यायचं नाही. रावेर-यावलकडे बोअर करणाऱ्यांना हे लगेच समजेल. सहाशे फुटांवर पाणी नाही, धूळच निघतेय, तरी माणूस म्हणतो एवढा पैसा घातलाय, अजून शंभर फूट घेऊ. पुढच्या शंभर फुटांचं कारण खाली पाणी असणं हे राहत नाही, वर गेलेला पैसा हेच कारण होतं. तिथे निदान शेत विकून माणूस थांबतो, आणि पैसा त्याचा स्वतःचा असतो. सरकार दुसऱ्याची पोरं घालत असतं.

आणि इथे मग विचारतात, सैनिक तिकडे थंडीत उभा आहे आणि तुम्ही इथे गरम चहा पीत कारणं विचारता, त्याचं मनोधैर्य खचत नाही का? हा प्रश्न मी हलका समजत नाही. आमच्याकडे गावागावात फौजी आहेत, वरणगाव आणि भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, त्यावर हजारो घरं चालली, म्हणजे लढाई ही आमच्यासाठी पेपरातली गोष्ट नाही. पण परत लिंकनच बघा. १८४७ च्या डिसेंबरमध्ये ते साधे खासदार होते, मेक्सिकोशी लढाई चालू होती, राष्ट्राध्यक्ष पोल्क म्हणाले की आपल्या भूमीवर आपल्या लोकांचं रक्त सांडलं म्हणून आपण लढतोय. लिंकननी संसदेत ठराव मांडला की ती जागा नेमकी कुठली ते दाखवा, ती आपली भूमी होती का ते सांगा. लोकांनी टिंगल केली, राजकीय नुकसान पण झालं. पण त्याच लिंकननी सैन्याच्या रसदीच्या बाजूने मतदान केलं. सैनिकाला जेवण आणि दारूगोळा द्यायचा आणि सरकारला कारण विचारायचं, ह्या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात, त्यात अडचण काय आहे?

उलट न विचारल्याने सैनिकाचं काय होतं ते आपण श्रीलंकेत बघितलं. २९ जुलै १९८७ चा करार, शांतीसेना गेली, सांगितलं काय तर तामिळांना न्याय मिळेल, शस्त्रं खाली ठेवली जातील त्यावर देखरेख करू. ऑक्टोबरमध्ये तीच सेना प्रभाकरनच्या तामिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढत होती, ज्यांना आधी आपणच ट्रेनिंग दिलं होतं. मग श्रीलंकेच्या सरकारलाच आपण नको झालो. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली तोवर जवळपास बाराशे जवान गेले होते. कशासाठी, हे त्या घरांना आजही कोणी एका वाक्यात सांगू शकत नाही. आणि ह्याच्या समोर ७१ ठेवा. ३ डिसेंबरला सुरू, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, आणि लगेच पश्चिमेच्या आघाडीवर आपण एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, हातात जोर असताना. मार्च १९७२ पर्यंत सैन्य बांगलादेशातून परत. त्यात आपला स्वार्थ नव्हता असं कोणी शेंबडं पोर पण म्हणणार नाही, मुक्तिवाहिनीला आपण आधीपासून मदत करत होतो, पाकिस्तान तुटणं आपल्याला हवंच होतं. पण संपायची अट होती आणि ती पूर्ण झाल्यावर आपण संपवलं. कारगिलला पण तेच, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हे सरकारने ठरवलं, त्याची किंमत जवानांनी चढावर मोजली, पण घुसखोर हटले आणि लढाई थांबली. म्हणून मी युद्धविरोधी आहे असं कोणी समजू नये. मी हिशोबवाला आहे.

युक्रेनवाल्यांना पण हाच हिशोब लागू. हल्ला झाला म्हणून लढतोय, हे कारण साफ आहे आणि त्याला उत्तर नाही. पण पश्चिमेचे नेते 'लागेल तितका काळ' म्हणत शस्त्रं पाठवत राहिले, तेव्हा कशाला लागेल तितका काळ, क्रिमियासकट १९९१ ची सीमा परत मिळेपर्यंत की रशिया थकेपर्यंत, हे त्यांनी एकदा तरी स्पष्ट सांगितलं का? जो मरतोय त्याला हे विचारायचा हक्क आहे, आणि पैसे देणाऱ्याने त्याला उत्तर द्यायला पाहिजे होतं.

आपल्याकडे तर कोणाला उत्तरच द्यायचं नाहीये. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला मोदींनी पुतीनना सांगितलं की आजचा काळ युद्धाचा नाही, चांगलं सांगितलं. त्याच काळात रशियाचं तेल आपल्या आयातीत दोन टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेलं. स्वस्त मिळतंय तर घ्यावं, गरीब देशाने तत्त्वासाठी महाग डिझेल जाळावं असं मी म्हणणार नाही, पण निदान आपली बाजू तेलाच्या भावाची आहे हे मान्य करा, तिला ७१ च्या दोस्तीचं नाव देऊ नका. आणि एजंटच्या नादी लागून नोकरीसाठी गेलेली आपली पोरं रशियन फौजेत अडकली, काही मेली, त्यांना सोडा म्हणून जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांना मॉस्कोत जाऊन सांगावं लागलं, ते ह्या दोस्तीत कुठे बसतं?

युद्धात प्रश्न विचारायचे नसतात म्हणणाऱ्यांना १९६२ चं एकच सांगतो. चीनचं सैन्य नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, घुसलेलं होतं, आपली फौज मागे येत होती, आणि अशा वेळी तरुण खासदार वाजपेयींनी मागणी केली की संसदेचं अधिवेशन बोलवा. नेहरूंनी बोलावलं, नोव्हेंबरमध्ये, लढाई संपायच्या आधी. कोणीतरी सुचवलं की निदान बैठक गुप्त घ्या, नेहरू नाही म्हणाले. उघड्या सभागृहात पक्षातल्या आणि पक्षाबाहेरच्या लोकांनी सरकारचं धोरण फाडलं, संरक्षण खातं सांभाळलेल्या कृष्ण मेननना तर अधिवेशनाच्या तोंडावरच मंत्रिमंडळातून जावं लागलं होतं, आणि आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या चर्चेने एकाही जवानाची बंदूक खाली गेली नाही, त्याच्याकडे धड बंदूक आणि थंडीचे बूट नव्हते हे मात्र जगासमोर आलं. पुढे हार का झाली हे तपासायला हेंडरसन ब्रूक्स आणि भगत ह्या दोन सेनाधिकाऱ्यांचा रिपोर्ट १९६३ मध्ये तयार झाला. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. आपल्या सरकारने, मग ते काँग्रेसचं असो की वाजपेयींच्या स्वतःच्या पक्षाचं, तो अजून अधिकृतपणे उघडलेला नाही.